अक्काची टिकटिक

डॉक्टरबाईंनी टेबलाच्या खणातून दोन झडपा काढून आमच्यासमोर ठेवल्या, तेव्हा माझ्या दाजींनी आधी खिशातला रुमाल काढून हात पुसले आणि मगच त्यातली एक उचलली.

“अहो, ती फक्त दाखवायची आहे. हाताळली तरी चालेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“तरी बी तेलाचा हात नगं,” दाजी म्हणाले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शालनअक्काचे नवरे. नाव बाळासो. इचलकरंजीत यंत्रमागांवर जॉबर होते. माग बिघडला की पाना घेऊन धावणारा, त्याच्या पोटात शिरून तो दुरुस्त करणारा माणूस म्हणजे जॉबर. पुण्याला येताना त्यांनी साबणानं कोपरापर्यंत हात घासले होते, तरी नखांच्या कडेची काळी रेघ काही गेली नव्हती. त्या हातांनी ते ती झडप उजेडाकडे धरून फिरवत होते. गोल कडं, त्याला भोवती पांढरं कापड शिवलेलं आणि मधे दोन काळ्या चकत्या. त्यांनी बोटानं एक चकती ढकलली. ती उघडली, मिटली. टिक असा आवाज झाला.

“बेस काम हाय,” दाजी पुटपुटले. “कुठं ढिली न्हाई, खेळ अजिबात न्हाई.”

“दाजी, बाजारात आलाय का?” मी म्हटलं. “काळजात बसवायचीय ती, मागात न्हाई.”

अक्का हसली आणि लगेच तिला दम लागला. ती खुर्चीच्या कडेला बसली होती, कारण मागं टेकलं की तिचा श्वास कोंडायचा. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांत रुतले होते. अक्कानं तेव्हा तिशीही ओलांडलेली नव्हती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल एकदा राहून पोटातच गेलं होतं. त्या वेळी तपासताना कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं की हिच्या हृदयाची झडप खराब आहे.

खराब झाली होती ती लहानपणीच. अक्का शाळेत असताना तिचा घसा धरला, ताप आला, मग एकामागून एक गुडघे, घोटे, मनगटं सुजली. आमच्या आईनं निरगुडीच्या पाल्यानं शेकलं. सूज उतरली, अक्का उड्या मारायला लागली, आम्ही विसरलो. तेव्हाच जर निदान झालं असतं, तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं एक इंजेक्शन घेऊन झडप वाचली असती, असं डॉक्टरबाईंनी आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आई तेव्हा बरोबर नव्हती, हे फार बरं झालं.

डॉक्टरबाईंचं नाव केळुसकर. वयानं अक्काएवढ्याच असतील. घाई असूनही त्या कधी घाईनं बोलत नसत.

“पुन्हा एकदा सांगते,” त्या म्हणाल्या. “फुगा घालून झडप उघडण्याचा उपाय असतो, छाती न उघडता. पण शालनताईंच्या झडपेत चुना साठलाय आणि ती गळतेही आहे. तिथे फुगा चालणार नाही. दुरुस्तीही होण्यासारखी नाही. बदलावीच लागेल. आता ही जी तुमच्या हातात आहे, ती धातूची समजा. आयुष्यभर टिकते. पण तिच्यावर रक्ताची गाठ धरू शकते. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, जन्मभर घ्यायची, आणि वरचेवर रक्त तपासून गोळी कमी-जास्त करायची. त्या गोळीवर मूल होऊ देणं धोक्याचं. आईलाही आणि बाळालाही.”

“आन् ही दुसरी?” अक्कानं विचारलं.

दुसरी झडप फिकट, पिवळसर होती. तीन पाकळ्या मिटल्यासारखी.

“ही जनावराच्या पडद्यापासून बनवतात. हिला ती गोळी जन्मभर लागत नाही. मूल होऊ देता येतं. पण तरुण माणसात ही दहा-बारा वर्षांत खराब होते. कधी आधीच. मग परत छाती उघडायची, परत बदलायची. दुसऱ्या वेळी ऑपरेशन जास्त अवघड असतं.”

दाजींनी हातातली झडप खाली ठेवली आणि पिवळी उचलली. तिला अंगठ्यानं दाबून बघितलं. मी त्यांना ओळखत होते. आता हे मागाचं काहीतरी बोलणार हे मला कळलं होतं.

“चामडंच की हे,” ते म्हणाले. “डॉक्टर, आमच्या मागाला चामड्याचा पट्टा असतोय. सूत वाहनाऱ्या धोट्याला हिकडनं तिकडं मारतोय त्यो. सगळा माग धडधाकट असतोय, पन त्यो पट्टा झिजतोय. कितीबी तेल पाजा. दर टायमाला मीच बदलतो. लोखंडाला मातुर काय होत न्हाई.”

“तुमच्या मागासारखं नसतं हे सगळं,” डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. “तुमच्या गावात रक्ताची ही तपासणी होते का? वरचेवर कोल्हापूरला जाणं जमेल का? शालनताईंना मूल हवंय का? हा सगळा विचार करा. मी एक सुचवीन, पण निवड तुमची आहे. मला विचाराल तर या वयाच्या बाईला, जिला मूल हवंय, तिला मी ही दुसरी सांगते.”

“आन् दहा वर्सांनी?” दाजींचा आवाज चढला. “तवा कोन करनार? आता खर्च दवाखान्याच्या ट्रस्टनं उचलला. तवा ट्रस्ट हाय का न्हाई कुनाला ठाव. परत हिला फाडायची? परत हिला त्या टेबलावर…” आणि ते थांबले.

अक्का दोन्ही झडपांकडे बघत होती. तिचा डोळा पिवळीवर होता. ते मला दिसत होतं आणि दाजींनाही दिसत होतं.

“अहो,” ती म्हणाली, “एखादं पोरगं…”

“मला पोरगं नगं,” दाजी म्हणाले. “मला तू पायजेस.”

डॉक्टरबाईंच्या समोर, माझ्या समोर, ते असं बोलले. आमच्याकडं नवरा बायकोला चारचौघांत नावानं हाकसुद्धा मारत नसे. अक्काचे कान लाल झाले. मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि माझ्यासारख्या तोंडाळ मुलीला ते शोभलं नसतं.

दाजींच्या आईला, म्हणजे मावशींना, व्हरांड्यात जाऊन सगळं सांगितलं. त्या बाकावर पदर डोक्यावर ओढून बसल्या होत्या. नातवासाठी त्यांनी किती नवस बोलले होते, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मला वाटलं, आता या कांगावा करणार. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

“न्हाई झाला नातू तर न्हाई,” त्या म्हणाल्या. “सून ऱ्हाऊ दे माजी. टिकनारी बसवा.”

अशी ती झडप ठरली. अक्कानं मान हलवली. तिला कुणी फसवलं नाही, कुणी दटावलं नाही. तिच्यावर माया करणाऱ्या माणसांनी, त्यांना ठाऊक असलेल्या एकुलत्या एका शहाणपणानं ती निवडली होती.

ऑपरेशन चांगलं झालं. अक्का पंधरवड्यानं घरी आली, तेव्हा तिचे पाय पायांसारखे दिसत होते आणि ती उताणी निजू शकत होती. मी तिच्या माहेराहून सोबतीला राहायला आले होते. तिचं घर मागाच्या शेडला लागूनच होतं. भिंतीपलीकडे माग दिवसरात्र धडधडत असायचे. त्या गावात राहणारा माणूस मोठ्यानंच बोलतो, आणि दोन माणसं हळू बोलताना दिसली तर काहीतरी वाईट झालंय असं लोक समजतात.

आठवड्यातला एक वार वीज बंद असायची आणि सगळे माग थांबायचे. घरी आल्यावरचा तो पहिला वार. माग थांबले, गल्ली एकदम गप्प झाली, आणि आम्ही जेवायला बसलो असताना कुठूनतरी आवाज यायला लागला. टिक, टिक, टिक.

“कुनाचं घड्याळ?” मावशींनी विचारलं.

दाजींचा घास हातातच राहिला. अक्कानं छातीवर हात ठेवला.

“माजं,” ती म्हणाली.

मग काय विचारता. दाजी ताटावरून उठले, हात धुऊन आले आणि तिच्या पाठीला कान लावून बसले. मागाच्या बेअरिंगचा आवाज ऐकायचा झाला की ते पान्याचं एक टोक मागाला आणि एक कानाला लावायचे, डोळे मिटायचे. तसेच डोळे मिटून बसले होते.

“एक नंबर पळतीय,” त्यांनी जाहीर केलं.

“दाजी, आता किल्ली कधी द्यायची तेवढं सांगा,” मी म्हटलं. “न्हाईतर घड्याळ मागं पडंल.”

“तुला द्यायला पायजे किल्ली. त्वांड बंद करायची.”

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या, त्या वाण घेऊन जाईनात. मावशींनी सगळ्यांना गप्प बसवलं आणि अक्काला मधे बसवून, एकेकीनं जवळ येऊन ऐकायचं, असा कार्यक्रमच केला. कुणी म्हणालं, आत सोन्याची असंल. कुणी म्हणालं, यमाला चुकवलंस बाई. मावशी तोंडानं “दृष्ट लावू नगा गं” म्हणत होत्या आणि तोंडभर हसत होत्या.

अक्काला मात्र पहिले काही दिवस झोप लागायची नाही. मी तिच्या शेजारी निजायची. एकदा दुपारी माग बंद असताना ती पडल्या पडल्या म्हणाली, “वैजू, तुला एक सांगू? हसू नगंस.”

“हसले तर हसले.”

“मला वाटतंय आत कुनीतरी हाय. सारखं हालतंय. मी गप झाले की बोलतंय.” ती छताकडे बघत होती. “मी त्याला बाळ म्हनते. मनातल्या मनात.”

मी हसले नाही. मी तिच्या छातीवर, जखमेच्या बाजूला, हात ठेवला. आत ते टिकटिकत होतं. त्या वेळी मला त्या पिवळ्या झडपेची आठवण झाली आणि मी ती लगेच मनातून काढून टाकली.

गोळी तिनं एक दिवसही चुकवली नाही. संध्याकाळी दिवा लावला की मावशी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन हजर. देवाला नैवेद्य दाखवावा तशी ती गोळी त्या अक्काच्या तळहातावर ठेवायच्या. पण रक्त पातळ करायचं हे मात्र त्यांना काही केल्या पटत नव्हतं. “आदीच पोरीच्या अंगात रगत न्हाई, आन् हे आनखी पातळ कराय सांगत्यात,” असं म्हणून त्या बाजारातून जुड्याच्या जुड्या आणायच्या. शेपू, मेथी, पालक, चाकवत. रक्त भरावं म्हणून सकाळ-संध्याकाळ अक्काच्या ताटात हिरवं. पालेभाज्या एकदम वाढवू नका, असं पुण्यात कुणीतरी सांगितल्याचं अक्काला अंधुक आठवत होतं. पण त्या दिवशी एवढं सांगितलं होतं, की त्यातलं गोळी चुकवायची नाही एवढंच आम्ही सगळ्यांनी घट्ट धरून ठेवलं. रक्ताच्या तपासणीला दाजी तिला कोल्हापूरला नेऊन आणायचे. मग श्रावणात नदीला पाणी आलं, रस्ता बंद झाला, आणि एक खेप पुढं ढकलली. अक्का ठणठणीत दिसत होती. तिच्या गालांवर रंग आला होता. कोण कशाला घाबरणार?

त्याच श्रावणातला वीज बंद असलेला वार. सकाळची वेळ. मी चुलीजवळ होते. अक्का उंबऱ्यात बसून शेपू निवडत होती. दाजी नेहमीप्रमाणं तिच्या मागं येऊन बसले, पाठीला कान लावला. हा त्यांचा त्या वाराचा नेमच झाला होता.

बराच वेळ ते हलले नाहीत.

“वैजू,” ते म्हणाले, “हिकडं ये. तू ऐक बरं.”

मी कान लावला. माझा आवाज, माझा श्वास, बाहेर कुठंतरी कोंबडा. टिकटिक नव्हती. अगदी कान दाबून धरला तेव्हा आत काहीतरी दबकं, लांबून आल्यासारखं चाललेलं जाणवलं.

“ऐकू येत न्हाई,” मी म्हटलं.  “दाजी, काय झालं?”

दाजींच्या चेहऱ्यावर एवढं मोठं हसू मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

“बसली!” ते ओरडले. “आई, भाईर ये! झडप बसली!”

मावशी धावत आल्या. दाजींनी आम्हा सगळ्यांना उभं करून समजावून सांगितलं. नवा माग आणला की सुरवातीला लई आवाज करतो. दात दाताला घासतात, चाक आपली जागा शोधतं. एकदा का घासून सगळं बसलं की माग गप्प चालतो. आवाज करणारा माग नवा, नाहीतर बिघडलेला. गप्प चालणारा माग तयार झालेला. आयुष्यभर त्यांनी हेच पाहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

“आता हिच्या अंगाची झाली ती,” ते म्हणाले. “आता परकी न्हाई ऱ्हायली.”

मावशींनी देवापुढं साखर ठेवली. दाजी सायकल काढून बाजारात गेले आणि पेढे घेऊन आले. सगळ्या गल्लीत स्वतः दारोदार फिरून वाटले. पोरगं झाल्यावर बाप वाटतो तसे. मला एक दिला, मी तोंड वाकडं केलं.

“शिळं हाय दाजी. स्वस्तातलं आनलंय.”

“शिळं? समोर वळून दिलं त्यानं! आन् शिळं म्हनत हिला दुसरा बी पायजे. बग, हात पुढं आलाच.”

मी दुसराही खाल्ला. अक्का उंबऱ्यातच बसली होती. तिच्या मांडीवर शेपूची जुडी तशीच होती. हातात पेढा होता, तो तिनं अजून खाल्ला नव्हता.

“तुला आनंद न्हाई झाला?” मी विचारलं.

“झाला की,” ती म्हणाली. मग हळूच, दाजींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, “पन चुकल्या-चुकल्यासारकं वाटतंय गं. एवढे दिवस सोबत हुती.” आणि स्वतःशीच हसली. “झोपलं असंल.”

त्या दिवसापासून दाजींनी माझी रवानगी आतल्या खोलीत केली आणि ते स्वतः तिच्याजवळ निजायला लागले. ऑपरेशनपासून ते तिला जपून दूरच होते. सकाळी अक्का केसात फूल माळून बाहेर यायची. दाजी कामावर जाताना शीळ घालायचे. मावशी मला डोळ्यानं खुणवायच्या. घरात एखादं नवं जोडपं आल्यासारखं झालं होतं. जिना चढताना अक्काला थोडा दम लागायला लागला, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाली, हवा कोंदट हाय.

मग एका दुपारी ती दोरीवरचे कपडे काढताना तिथंच खाली बसली. ओठ निळे पडले होते. गावातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून तपासलं आणि जीप सांगितली. नदीचं पाणी नुकतंच उतरलं होतं, रस्त्यावर चिखल होता. दाजी तिला मांडीवर घेऊन बसले होते आणि ड्रायव्हरला सारखे सांगत होते, सावकाश, सावकाश, धक्का नगं बसायला. आणि लगेच, पळव की लेका.

कोल्हापूरच्या दवाखान्यात तिला आत नेलं. दाजींना औषधं आणायला खाली पाठवलं. एक वयस्कर डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या गळ्यात अजून तपासायची नळी होती.

“तुम्ही कोण?”

“धाकटी बहीण.”

“हिच्या झडपेचा आवाज घरात ऐकू यायचा का?”

“यायचा. सगळ्या गल्लीला ठाऊक हाय.”

“कधीपासून येत नाही?”

मला बरं वाटलं, की यांना माहीत आहे. मी उत्साहानं सांगितलं, “गेल्या लाईट बंदच्या वारापासनं. बसली झडप. आवाज गेला. आमी पेढंबी वाटलं.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. तो पुसला नाही, नुसता हातात धरून उभे राहिले.

“बाळ,” ते म्हणाले, “ही झडप बसत नसते. तिचा आवाज यायलाच हवा. आवाज बंद होतो तो तिच्यावर रक्ताची गाठ धरली म्हणून. चकत्या हलेनाशा होतात. त्या दिवशी आली असती तर गाठ विरघळवायचं औषध तरी देता आलं असतं.”

“गोळी एक दिवस चुकवली न्हाई तिनं,” मी म्हटलं. 

“नसेल चुकवली. गोळी पुरी पडत होती की नाही, ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. पालेभाज्या फार खात होती का? त्यांनी या गोळीचा जोर उतरतो.”

माझ्या डोळ्यांपुढं ती शेपूची जुडी आली.  त्यांना माझ्या तोंडावरच कळलं असावं.

“आम्ही प्रयत्न करतोय,” ते म्हणाले. “पण उशीर झालाय. नवऱ्याला मी सांगू का?”

जिन्यावरून दाजी येत होते. हातात औषधाची पिशवी, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. ते दोन-दोन पायऱ्या चढत होते.

“नगं,” मी म्हटलं. “मी सांगते.”

मला आत जाऊ दिलं. अक्काच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. तिनं मला ओळखलं. मुखवट्याच्या आतून काहीतरी म्हणाली. मी वाकले.

“ऐक बरं,” ती म्हणत होती. “परत आवाज येतोय का?”

मी तिच्या छातीवर डोकं ठेवलं. आत सगळं धावत होतं, अडखळत होतं, आणि टिकटिक कुठंच नव्हती.

“येतोय,” मी म्हटलं. “चांगला येतोय अक्का.”

तिनं डोळे मिटले. मला अजूनही वाटतं, तिला तेव्हा बरं वाटलं. तिन्हीसांजेच्या आत ती गेली.

दाजींना मी इतकंच सांगितलं की काळीज दमलं, आधीच फार ताण पडला होता. मावशींनी विचारलं, तेव्हा त्यांनाही तेच. मावशी पुढची काही वर्षं जगल्या. गल्लीत कुणाच्या सुनेला अशक्तपणा आला की त्या तिच्या घरी मेथीची जुडी घेऊन जायच्या, आणि मी त्यांना कधी अडवलं नाही.

दाजींनी दुसरं लग्न केलं नाही. माझं लग्न झालं, मी जयसिंगपूरला आले, पोरं झाली. माझ्या थोरलीचा घसा धरला की मी तिला कडेवर घेऊन डॉक्टरकडे पळायची. नवरा हसायचा, म्हणायचा, साध्या पडशाला एवढं काय. मी त्यालाही कधी सांगितलं नाही.

परवा दाजी आले होते. आता त्यांचे केस पांढरे झालेत, काम सोडून घरी बसलेत. गावात आता बिनधोट्याचे माग आलेत. फार आवाज करत नाहीत, म्हणाले, करमत न्हाई. मी चहा टाकला. ते ओट्याजवळच्या स्टुलावर बसले, हात गुडघ्यांवर. नखांच्या कडेची काळी रेघ आता गेली होती.

“वैजू,” ते म्हणाले, “त्या दिवशी मी ती पिवळी घेतली असती तर?”

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. चहा वर आला. मी गॅस बारीक केला.

“तर काय,” मी म्हटलं. “तेच झालं असतं.”

“तुला वाटतंय?”

“तिचं काळीजच दमलं हुतं दाजी. झडपेचा काय संबंध.”

 त्यांनी मान हलवली.

“व्हय. झडप चांगलीच हुती. बसली हुती की न्हाई, तूच सांग. तू कान लावलीस की.”

“बसली हुती.”

“माजी निवड चुकली न्हवती.”

“न्हवती, दाजी.”

त्यांचा चेहरा मोकळा झाला. ते भिंतीला टेकले.

“ते शेवटचं दिस,” ते म्हणाले, “आमच्या अख्ख्या संसारातलं तेवढंच चांगलं दिस. ती माज्या हातावर डोकं ठिवून गप निजायची. मी जागाच असायचो. आवाज येत न्हाई म्हनून एवढं बरं वाटायचं वैजू, काय सांगू. वाटायचं, आता ही आपली झाली. आता हिला काय होत न्हाई.”

मी त्यांच्याकडे पाठ करून चहा गाळत होते. गाळणं माझ्या हातातून निसटलं आणि चहा ओट्यावर सांडला. मी फडक्यानं पुसला. मग पुसलेलाच परत पुसला.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

मागं वळल्याशिवाय इलाज नव्हता. मी वळले, कमरेवर हात ठेवला आणि पूर्वीसारखं तोंड वाकडं केलं.

“पेढं मातुर शिळं हुतं तुमचं.”

“शिळं?” म्हातारा स्टुलावर ताठ बसला. “समोर वळून दिलं हुतं त्यानं! ताजं हुतं, एकदम ताजं. आन् तू खाल्लीस की दोन.”

“खाल्ले,” मी म्हटलं, आणि त्यांच्या हातात कप दिला.